तीन नावांची परंपरा

"बरं, तुझ्या या चिनी गुरूचा गुरू कोण?"

नीलकंठपंतांनी बोरू शाईत बुडवला, पण कागदाला लावला नाही. खोटं बोलणाऱ्याला अधांतरी धरलेला बोरू सोसत नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव.

"ल्यू म्हाताऱ्याचा मामा, हान," गणोजी म्हणाला. "गावोगाव सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा."

"त्याचा?"

"चाऊ. देवळाचा पहारेकरी. बस, इतकंच."

देवासात पंत वंशावळी लिहीत. सूर्यवंश हवा त्याला सूर्य, चंद्रवंश हवा त्याला चंद्र. पंतांच्या दारातून कोणी पोरका परतला नव्हता. त्यामुळे वंशावळ म्हटली की तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे.

गणोजी चार वर्षांपूर्वी चीनच्या लढाईत फौजेची खेचरं हाकायला गेला. तिथे तापाने पडला, हिवाळाभर एका म्हाताऱ्याच्या घरी राहिला आणि परतला तो ही मुठींची विद्या घेऊन. आता ती त्याला तालमीत शिकवायची होती. पण तालमीचा रिवाज असा, की नागपंचमीला वस्तादाने आपली गुरुपरंपरा मुळापासून मोठ्याने म्हणायची. मगच कुस्तीच्या हौद्यातली माती त्याच्या कपाळी. तालमीचे जुने वस्ताद रघुजी अडून बसले होते. "भिया, जिच्या मुळाचा पत्ता नाही ती विद्या हौद्यात कशी उतरवू? माझी परंपरा थेट भीमापर्यंत जाते." जाणारच. पंतांनीच ती नेली होती. शेवटी पंचांनी चौकशी पंतांच्याच गळ्यात घातली.

"चाऊच्या आधी कोणीच नव्हतं म्हणतोस?"

"लोक सांगतात ना. म्हणे हिंदुस्थानातून एक साधू गेला, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, त्यानं शिकवलं."

पंतांचे डोळे बारीक झाले. सापडला! माहिती संपते तिथे साधू उगवतो. असे अकरा साधू त्यांनी स्वतःच्या हाताने पेरले होते.

"मग हे आधी का नाही बोललास?"

"म्हातारा हसायचा त्याला. म्हणायचा, साधूचं लोक सांगतात, मला मामानं नाही सांगितलं."

पंतांनी बोरू खाली ठेवला. बेरकी आहे की काय हा?

"अरे वेड्या, साधू आपलाच निघाला तर रघुजीचं तोंड बंद. लिहू?"

"नको, पंत."

"शिकवायला मिळायचं नाही."

"ठाऊक आहे. म्हाताऱ्याचा मुलगा लढाईत गेला. ही विद्या आता फक्त माझ्याकडे आहे. पण पहिल्याच दिवशी झूठ बोललो, तर शिकवणार काय?"

पंतांनी आठवडाभर त्याच्यात खोट शोधली. सापडली नाही, याचाच त्यांना जास्त संशय आला.

नागपंचमीला तालमीत त्यांनी कागद वाचला. रघुजी हसले. "तीनच?"

"तर्पणाला मी तरी किती म्हणतो, वस्ताद? बाप, आजा, पणजा. त्यापुढचं सगळं मी बैठकीत बसून लिहिलेलं."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. हे खरं मानावं, तर भीमही हातचा जात होता. गणोजीला माती मिळाली नाही.

तो बाहेर आला. खेचरं बांधायच्या जागी उभं राहून त्याने तीन नावं घेतली, रस्त्यावरचीच माती कपाळाला लावली आणि आपले हात संथपणे फिरवले. मग पुन्हा. पंत छत्रीआडून मोजत होते. तिसऱ्या खेपेलाही एक हात इकडचा तिकडे झाला नाही.

पुढच्या वर्षी प्लेगात गणोजी गेला. त्याच्यामागे कोणी नव्हतं. ना मुलगा, ना चेला.

पितृपक्षात पंत पाटावर बसले. बाप, आजा, पणजा झाले. तांब्यात पाणी उरलं होतं. पंतांनी मागे वळून पाहिलं, बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. चाऊ. हान. ल्यू. गणोजी.

गोत्र ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी ते म्हटलं नाही.