उत्तमरावांची गोडी विहीर

दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात ज्याच्या विहिरीला गोडं पाणी, त्याचा थाट काय विचारता! उत्तमराव पाहुण्याला आधी तांब्या देत आणि पहिला घोट उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसत. नळाच्या पाण्याला त्यांनी जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं.

मुलगी प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली होती. ती अकोल्याच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. अंगावरचं दूध पुरेना, बाळाला डब्याचं दूध सुरू करायचं ठरलं, तेव्हा तिनं सवयीनं विहिरीचं पाणी तपासायला धाडलं. उत्तमराव मनातून खूश झाले.

निकाल प्रणालीच्या फोनवर आला. "बाबा, नायट्रेट लय हाये. ह्या पाण्यात बाळाचं दूध नाई करायचं."

उत्तमरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सारं गाव पेऊन राहिलं! कोन मेलं?"

"मोठ्यायले सोसते. तान्ह्याच्या रक्तात ते प्राणवायू पोचू देत नाई. लेकरू निळं पडते, बाबा."

"मंग उकळून देऊ," आई पार्बताबाई म्हणाल्या. त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलंही होतं.

"उकळलं का पाणी आटते, नायट्रेट तेवढंच राह्यते. उलट त्याचं प्रमाण वाढते, आई."

"पण येते कुठून?" उत्तमराव गुरगुरले.

प्रणालीनं खिडकीतून बोट दाखवलं. विहिरीला खेटून उकिरडा होता; त्यातलंच शेणखताचं पाणी विहिरीत झिरपत होतं. सोयीचं पडतं म्हणून उत्तमरावांनीच तो तिथं घातला होता. त्यांचा चेहरा पडला. राग आला, पण काढायचा कुणावर?

तेवढ्यात शेजारची गीतांजली विहिरीच्या तोटीला घागर लावताना दिसली. तिचा तान्हाही डब्याच्याच दुधावर जाणार होता. गप्प बसलं असतं तर विहिरीचं नाव राहिलं असतं. उत्तमराव अनवाणीच धावले.

"पोरी, रिती कर घागर! हे तान्ह्या लेकराचं पाणी नाई."

"काहून काका? गोडं तं हाये."

"गोडं हाये, म्हणूनच आमी फसलो."

मग त्यांनी तिची घागर स्वतः उचलली आणि चौकातल्या नळावर, सगळ्यांच्या देखत, भरून आणली.

दुसऱ्या दिवशी उकिरडा गाड्या भरभरून शेताच्या टोकाला गेला. संध्याकाळी मूर्तिजापूरचे पाहुणे आले. उत्तमरावांनी तांब्या पुढे केला.

"नळाचं हाये," ते म्हणाले. "विहीर जराशी आजारी हाये आमची. औषध सुरू केलं. पोरगी पुन्हा तपासनार हाये."

आणि सवयीप्रमाणे ते पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बसले.