भरलेला कट्टा

पोलिसांची मला भीती वाटली नाही. मला भीती वाटली निरंजनची.

निरंजन माझा एकुलता एक मुलगा. इंदूरला असतो. त्याचे वडील गेले तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला आहे: "आई, लालबागचं घर विकून टाकू, तू आमच्याकडे चल." त्याच्याकडे मला काही कमी पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. सून भूमिका गुणी आहे, हातात चहा आणून देते. पण हातात चहा मिळायला लागला की माणूस म्हातारं होतं. इथे बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये मी माझा चहा करते, माझ्या हाताने दार उघडते आणि ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्या तोंडावर लावूनही घेते. हे सुख मला सोडायचं नव्हतं. निरंजनला फक्त एक निमित्त हवं होतं आणि ते त्या दिवशी आपल्या पायांनी चालत घरात आलं.

सकाळची कामं आटोपून मी जरा टेकले होते. दारात एक माणूस आला, खांद्याला पिशवी. "माताजी, सोना-चाँदी पॉलिश, पीतल के बर्तन चमकाते हैं." असल्यांना मी चांगली ओळखते. नको म्हटलं आणि दार लोटलं, तर त्याने मध्ये पाय घातला. आत आला, कडी लावली, पिशवीतून सुरा काढला आणि माझ्या पाटल्यांकडे बोट केलं.

आता या पाटल्या सासूबाईंनी घातलेल्या. तेव्हा माझे हात काडीसारखे होते. आता त्या साबण लावूनही निघत नाहीत. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणतो, "हाथ काट के निकालूँगा."

खोटं कशाला बोलू, तेव्हा मी घाबरले. फार घाबरले. पळत स्वयंपाकघरात गेले आणि शिडीवरून माळ्यावर चढले. वयाची साठी उलटली आहे, एरवी गुडघे सारखे कुरकुरतात, पण त्या वेळी एकही कुरकुरला नाही. तो सुरा घेऊन मागोमाग शिडीला लागला. माळ्याच्या काठाशी हरभऱ्याचा तोंड शिवलेला कट्टा होता. मी भिंतीला पाठ लावली, दोन्ही पाय कट्ट्याला टेकवले आणि जीव खाऊन रेटा दिला. कट्टा, शिडी आणि तो मेला, तिघेही खाली गेले.

माझ्या ओरडण्याने समोरची सुमन आणि गल्लीतली माणसं धावली, कडी तोडून आत आली. तो कट्ट्याखाली विव्हळत होता. एक हात आणि एक पाय मोडला होता. सुमनने आधी फोटो काढला, मग पोलिसांना फोन केला, मग शिडी लावून मला उतरवलं. पोलीस आले, त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. जाताना एक शिपाई म्हणाला, "साहब आएँगे, तब तक कुछ छूना मत."

छूना मत म्हणे! कट्टा फाटून हरभरा घरभर झाला होता. अन्न काय पायदळी जाऊ द्यायचं? सुमनने झाडून, पाखडून सगळा हरभरा डब्यात भरला. रिकामा कट्टा झटकून घडी घातली. त्याला उचलताना निसटलेला सुरा हरभऱ्यात सापडला, तोही तिने घासूनपुसून भांड्यांच्या जाळीत ठेवला. मी फिनेल टाकून फरशी पुसली. चोर येऊन गेला म्हणून काय झालं, पोलीस म्हटले तरी पाहुणेच.

साहेब आले ते चंदनसिंह नावाचे एएसआय. मूळचे भिंडचे, नुकतेच बदलून आलेले, मिशा मोठ्या पण बोलणं मऊ. त्यांनी चकचकीत फरशीकडे बघितलं.

"वारदात यहीं हुई?"

"यहींच हुई."

"तो ये पोंछा किसने लगाया?"

"मैंने लगाई. पोलिस घर आनेवाली, तो फर्श वैसीच रखूँ क्या?"

त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बाईमाणसाचं बयान घरीच घ्यायचा नियम आहे, इथेच बसू. पण दारात जीप, खिडक्यांत बायका. कोणीतरी इंदूरला फोन लावणार, हे मला दिसत होतं. म्हटलं, "साहब, मैंच आती ठाणे में." आणि जाऊन जीपमध्ये बसले. सुमनने तो फोटो 'आशाकाकूंनी चोर दाबला' असं लिहून केव्हाच कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता, हे मला काय माहीत!

ठाण्यात चंदनसिंहांनी कागद-पेन घेतलं. माझी हिंदी चांगली आहे, असं माझं मत आहे.

"उसको किस चीज़ से मारा, माताजी?"

"कट्टे से."

पेन थांबलं. "कट्टे से?"

"हाँ. भरा हुआ था. खाली कट्टे से आदमी को क्या होता है?"

"कट्टा किसका था?"

"मेरा. तीन रखती मैं घर में. एक उसपे गया, दो ऊपर हैं अभी."

"गोली चलाई?"

"गोली? गोली तो मैंने सुबह ही ली. बीपी की."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "ये कट्टे आते कहाँ से हैं?"

"मेरा भाई देता है, तुकईथड से. हर साल. एकदम देसी, साहब. बाज़ार का माल मैं घर में आने भी नहीं देती."

चंदनसिंह उठून बाहेर गेले. कुजबुज झाली. माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आला आणि एक महिला शिपाई येऊन मला अगदी खेटून बसली. मला वाटलं, सोबतीला पाठवली. बरी वाटली पोरगी. तिला मी झुणक्याला डाळीचं पीठ घरचंच का हवं ते समजावून सांगत होते आणि ती माझ्या हातांवरची नजर काढत नव्हती.

तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्याकडे कट्टा म्हणजे धान्याचं लहान पोतं. चंदनसिंहांच्या मुलखात कट्टा म्हणजे पिस्तूल. पेपरात 'गावठी कट्टा सापडला' हे मीही वाचते, पण स्वयंपाकघरातल्या हरभऱ्यापाशी ते कोणाला आठवतं? ध चा मा झाला आणि मला पत्ताही नाही. इकडे मी झुणका सांगतेय आणि तिकडे एक गाडी माझ्या भावाला आणायला तुकईथडला निघालेली, दोन शिपाई माझ्या माळ्यावर चढलेले. त्यांनी काय फोन केला ते मला मागाहून कळलं: "सर, ऊपर तो बस चने के दो बोरे हैं. कट्टा कहीं नहीं मिला." सुमनने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

दुपार कलली तेव्हा पंडित आला. माझा धाकटा भाऊ, केळी-हरभऱ्याचा शेतकरी गडी, डोळे लाल झालेले. त्याला गाडीत एवढंच सांगितलं होतं की बहिणीच्या घरी वारदात झाली. मला धडधाकट बसलेली पाहिलं आणि दारातच रडायला लागला.

"आक्का! तुले काही झालं नाही ना व? मी तर रस्ताभर देवाले हात जोडत आलो."

"मले काय होतंय? रडू नको, लोक बघून राहिले."

चंदनसिंहांनी त्याला समोर बसवलं. "कट्टे तुम सप्लाई करते हो?"

पंडितने डोळे पुसले. "सप्लाई कायका साहब, बहन को देता हूँ. पहला हक़ उसका."

"और किस-किस को दिया?"

"सबको. आत्या को, मावशी को, साली को. शादी-ब्याह हो तो ज़्यादा लगता. आपको चाहिए तो आपके घर भी डाल दूँ, पैसे की बात मत करना. बस उतारने को एक आदमी रखना."

"आदमी क्यों?"

"पचास किलो का रहता न साहब."

चंदनसिंहांनी पेन खाली ठेवलं. "कट्टा… पचास किलो का?"

"भरती बराबर पचास. मापात पाप नाही करत आपण. हरभरा है."

आधी हसली ती माझ्याशेजारची पोरगी. हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. मग दारातला शिपाई, आणि मग खुद्द चंदनसिंह. डोळ्यांतलं पाणी मिशांत उतरेस्तोवर हसले.

"अरे माताजी! बोरी बोलना था न, बोरी!"

"बोरी कशी बोलू?" मला रागच आला. "बोरी बड़ी रहती, साहब. कट्टा छोटा. बयान में झूठ लिखाऊँ क्या?"

चहा मागवला गेला, पंडितला फरसाण आलं. मला वाटलं, चला, सुटलो. पण चंदनसिंह पुन्हा गंभीर झाले. म्हणाले, दवाखान्यातला तो बदमाश सांगतोय की मी भांडी चमकवायला गेलो होतो, म्हातारीने उगाच वरून पोतं टाकलं. सुरा मुळी नव्हताच, म्हणतो. तुम्ही सुरा घासून ठेवलात, फरशी पुसलीत. सुरा त्याचाच होता, हे दाखवायचं कशावरून?

आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि फाशी कसली होणार, तेही मला दिसत होतं: इंदूर.

तेवढ्यात निरंजनच दारात उभा राहिला. केस विस्कटलेले, शर्ट चुरगळलेला, इंदूरहून कुठे न थांबता आला होता. "आई!" म्हणाला आणि आधी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "बस हो गया अब. आज रात को ही निघायचं. ते घर मला नको आणि तुलाही नको."

"तुला सांगितलं कोणी?"

"किसने बताया? पूरे बुऱ्हाणपुरात फिरून राहिला तो फोटो!" त्याने फोन काढून माझ्यापुढे धरला.

चंदनसिंहांनी तो माझ्या आधीच घेतला. फोटोत सगळं होतं. आडवी पडलेली शिडी, छातीवर फाटका कट्टा घेऊन पडलेला तो, आणि त्याच्या मुठीत अजून तसाच धरलेला सुरा. सुमनला मी आयुष्यभर आगाऊ म्हणत आले. यापुढेही म्हणेन, पण प्रेमाने.

"बस," चंदनसिंह म्हणाले. "ये हुई बात. अपनी जान बचाने का हक़ कानून सबको देता है, माताजी. आप पर कोई केस नहीं." मग त्यांनी पहिला कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि मला चक्क हात जोडले. "अब आप हिंदी मत बोलिए. मराठी में बोलिए. बेटा हिंदी करेगा. जैसा आप बोलें वैसा ही, 'मैं' करके. अपनी तरफ से एक शब्द नहीं."

निरंजन माझ्या शेजारी बसला. मी सांगत गेले, तो हिंदी करत गेला. "मैंने दरवाज़ा बंद करने की कोशिश की. उसने पैर अड़ाया." 'हात कापून काढेन' इथे आलो तेव्हा त्याने माझ्या पाटल्यांवर हात ठेवला. म्हणाला, "मैं बहुत डर गई थी." मग माझ्याकडे वळून हळूच, "खरंच घाबरली होतीस?"

"घाबरले होते. पुढे सांग."

"मैं ऊपर चढ़ी. मैंने दीवार से पीठ लगाई. दोनों पैर लगाए…" बोलता बोलता तो हसायला लागला, आणि डोळ्यांत पाणीही होतं. एवढ्याशा वेळात त्याला कळलं असावं की माळ्यावर चढली ती त्याची म्हातारी आई नव्हती, मी होते.

शेवटी चंदनसिंहांनी विचारलं, "आगे कोर्ट से बुलावा आएगा. किस पते पर भेजें? बेटे के यहाँ जा रही हैं न?"

निरंजनने तोंड उघडलं.

"आप नहीं," चंदनसिंह म्हणाले. "माताजी बोलेंगी."

मी सरळ बसले. "लालबागच्या. घर माझं आहे. चोर आला म्हणून मी का जाऊ? जायचं ते चोराने. मी तिथेच राहणार."

पंडितचा फरसाणाचा घास तोंडातच राहिला. चंदनसिंह पेन टेकवून निरंजनची वाट बघत होते.

"बोलो भाई."

निरंजनने घसा खाकरला. माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "लालबाग," तो म्हणाला. "घर मेरा है. चोर आया तो मैं क्यों जाऊँ? जाना है तो चोर जाए." इथे तो थांबला, आणि मग पुटपुटला, "मैं वहीं रहूँगी."

"ज़ोर से. आख़िरी वाला सुनाई नहीं दिया."

"मैं वहीं रहूँगी," माझा मुलगा सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चंदनसिंहांकडे बघून मी मान डोलावली. अगदी बरोबर हिंदी केली होती त्याने.