डाव्या हाताला

सातव्यांदाही रुद्रेशनं उत्तर दिलं नाही, तेव्हा दिग्दर्शक हिंमतरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली.

लोहाऱ्यातल्या महांतप्पांच्या ओसरीवर विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. प्रसंग मुलगी बघण्याचा. नवरदेव झालेला रुद्रेश सतरंजीवर, मुलीचा बाप त्याच्या डाव्या हाताला. बापानं जमिनीचं विचारायचं आणि रुद्रेशनं क्षणभर थांबून भलतंच काहीतरी सांगायचं. तो थांबत होता खरा, पण थांबूनच राहत होता.

खांबाला टेकून उभ्या असलेल्या शिवपुत्रला, रुद्रेशच्या थोरल्या भावाला, खोटं कशाला सांगा, बरं वाटत होतं.

शिवपुत्र लोहारा-माकणी जीप चालवायचा. स्टँडवर तो हाळी द्यायला लागला की एसटीची वाट बघणारी माणसंही हसत हसत त्याच्या जीपमध्ये येऊन बसत. लग्नाबारशात नकला त्याच्याच. सिनेमावाले पुण्याहून आले तेव्हा गावानं त्याचंच नाव सांगितलं होतं. आणि हिंमतरावांनी निवडलं कुणाला, तर त्याच्या मागं उगीच आलेल्या रुद्रेशला. का, तर उत्तर देण्याआधी तो जो थांबतो, ते थांबणं शिकवून येत नाही म्हणे. शिवपुत्रनं दाढीच्या आरशासमोर आठवडाभर थांबून पाहिलं. आरशात नुसता उत्तर विसरलेला माणूस दिसला. तेव्हापासून त्याला धाकट्याच्या ताटातली भाकरीसुद्धा मोठी दिसायची.

"शिवपुत्र, तुम्हाला हे पाठ आहे ना?" हिंमतरावांनी विचारलं.

"समदं पाठ हाय."

"मग चढवा कोट. याचं कामात लक्षच नाही. दोन दिवसांचं शूटिंग पुन्हा करू, काय व्हायचं ते होऊ दे."

रुद्रेशनं कोट काढून दिला. शिवपुत्रनं एक हात बाहीत घातला. कोट अजून धाकट्याच्या अंगानं ऊबदार होता आणि खांद्यात अगदी बेतानं बसत होता. पुढं काय ठरतंय ते ऐकायला रुद्रेशनं फक्त मान तिरकी करून उजवा कान हिंमतरावांकडं केला.

ती तिरकी मान शिवपुत्रचीच करणी होती. एका दिवाळीत, सात वर्षांचा रुद्रेश दुपारी झोपलेला असताना, त्यानं त्याच्या उशाशी घमेल्याखाली सुतळी बॉम्ब लावला होता. हसवायला म्हणून. गल्लीतली पोरं पोट धरून हसली. शिवपुत्रच्या आयुष्यातलं ते पहिलं मोठं हसू. रुद्रेशचा डावा कान त्या दिवशी गेला तो गेलाच. काही महिन्यांनी आईच्या, सिद्धम्माच्या, ध्यानात आलं. तिनं खोदून खोदून विचारलं, तर पोरगं म्हणालं, विहिरीत पोहताना पाणी गेलं. आजतागायत तो तेच सांगत आला होता. सिनेमावाल्यांना मात्र त्यानं कानाचं कळूच दिलं नव्हतं, आणि थोरल्यापुढं हात जोडले होते, "अण्णा, तेवढं सांगू नगंस. भैऱ्याला कोण काम देतंय?"

आधीच्या प्रसंगांत बोलणारा माणूस समोर होता, ओठ दिसत होते. आज उजेडासाठी मुलीच्या बापाला डावीकडं बसवलं, आणि घोडं तिथं पेंड खात होतं. एक हात बाहीत घालून उभं असताना शिवपुत्रला पहिल्यांदाच उमगलं, की ते थांबणं म्हणजे ओठ वाचायला लागणारा वेळ. आठवडाभर ज्याचा हेवा केला, ते त्यानंच धाकट्याला दिलेलं होतं.

म्हणून हेवा गेला असं नाही. कोट काढताना त्याच्या जिवावर आलं.

"साहेब, बैठकच चुकलीय," तो म्हणाला. "आमच्याकडं मुलीचा बाप नवरदेवाच्या डाव्या हाताला बसत न्हाय. वंगाळ मानतेत. म्हणून पोरगं गप हाय."

असली रीत लोहाऱ्यात सात पिढ्यांत कुणी ऐकली नव्हती. हिंमतरावांनी घरमालकांकडं पाहिलं. म्हाताऱ्या महांतप्पांनी आधी शिवपुत्रकडं बघितलं, मग रुद्रेशच्या तिरक्या मानेकडं.

"व्हय," ते म्हणाले. "माझ्या आज्यापासनं हाय."

बाप उजवीकडं आला. मग उजेड उलटा पडला, म्हणून तो चेहऱ्यांवर परतवायला कुणीतरी उन्हात थर्माकोल धरून उभं राहणं भाग पडलं. तो शिवपुत्रनं धरला. रुद्रेश पहिल्याच झटक्यात थांबला, बोलला, आणि सगळी ओसरी हसली. शिवपुत्रचे हात भरून आले होते, आणि पोटातही दुखतच होतं.

थंडीत सिनेमा आला. आता स्टँडवर लोक शिवपुत्रला विचारू लागले, तुम्ही रुद्रेशचे भाऊ का म्हणून. तो मान हलवायचा आणि हाळी देताना दोन नकला कमी करायचा.

उन्हाळ्यात दोघे भाऊ माकणीला गेले, रुद्रेशसाठी खरीखुरी मुलगी बघायला. मुलीचे वडील बाहेर आले, बैठक बघून थबकले आणि वळसा घालून उजवीकडं बसले.

"तुमच्यात डाव्या हाताला बसत न्हाईत, ठावं हाय आमाला," ते म्हणाले. "पिक्चरमधी बघितलंय."

कुणी त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही. नवरदेवाची डावी बाजू रिकामीच राहिली. शेवटी शिवपुत्र उठला आणि तिथं जाऊन बसला. सगळ्यांचे डोळे रुद्रेशवर होते. त्यानं तोंड उघडण्याआधीच माणसं हसायच्या तयारीत होती. शिवपुत्र धाकट्याच्या कानाकडं वाकला.

"पिक्चरमधलं ते काम माझं हुतं, रुद्र्या," तो हळूच म्हणाला.

कानाशी त्याचा श्वास लागला तसा रुद्रेश वळला. त्यानं थोरल्याच्या ओठांकडं पाहिलं, पण ते मिटले होते.

"काय म्हन्लास, अण्णा?"

"च्या निवायलाय, म्हन्लं."

रुद्रेश नेहमीसारखा क्षणभर थांबला, आणि सगळी बैठक हसली.