फेस वाळेपर्यंत

आरशाखालच्या फळीवर पाच कंगवे, तीन कात्र्या, पाण्याच्या फवाऱ्याच्या दोन बाटल्या, पावडरचा एक डबा आणि साबणाचं एक भांडं. तिने ते सगळं कोपराने कडेला सारलं, मोकळ्या जागेत रक्तदाबाचं यंत्र ठेवलं आणि सासऱ्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

“घट्ट झाला का, बाबा?”

“छे. परवा त्या बँकेतल्या साहेबांच्या गळ्याला टॉवेल बांधलास, त्यापेक्षा बराच सैल आहे. जांभळे पडले होते बिचारे. बरं, त्यांचं कळलं का तुला? बदली झाली...”

तिने स्टेथोस्कोप कानात घातला. बाबा बोलतच राहिले. साहेबांची बदली कुठे झाली ते तिला ऐकू येत नव्हतं, तरी सवयीने ती मान डोलावत होती, मधूनच “हो का?” म्हणत होती. तबकडीवरचा काटा उतरू लागला. ठोके सुरू झाले, मग विरले.

“एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव,” ती म्हणाली.

“म्हणजे आटोपलंच माझं,” बाबा मजेत म्हणाले आणि उठून वस्तऱ्याची पाती बदलू लागले.

शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कालच त्यांना तपासलं होतं. एकशे सव्वीस, ऐंशी. तिचा आकडा मात्र रोज असाच टांगलेला. गिऱ्हाइकांचंही तेच. भाजीवाली, शिंपी, गणिताचे सर, ज्याचा म्हणून तिने दंड धरला तो आजारी निघाला. आठवडाभरात अर्ध्या गल्लीचं जेवण अळणी झालं होतं.

नर्सिंगच्या शाळेत तिची जागा नक्की झाली होती. हो की नाही, ते उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. नवरा आणि मुलगी कधीच तयार होती. मुलीने तर आईला डबा कोण भरून देणार यावरून बापाशी वादही घालून घेतला होता. अडलं होतं ते बाबांपाशी. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. फक्त, विषय निघाला की ते शेजारच्या खुर्चीची गादी झटकायला लागत. ती खुर्ची एके काळी त्यांच्या भावाची. तो गेल्यावर कित्येक वर्षं तिच्यावर रद्दी साठत होती. मग सून आली, रद्दी गेली आणि दुकानात पुन्हा दोन कात्र्यांचा आवाज सुरू झाला.

मंगळवारी दुकान बंद असलं की ती रुग्णालयात पडून असलेल्यांची दाढी-कटिंग करायला जाई. तिथे एकदा एका आजोबांना तिने केस धुण्यासाठी अलगद कुशीवर वळवलं, तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने तिला विचारलं होतं, हे कुठे शिकलीस. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे घर करून होतं.

“तुझा आकडा डॉक्टरीणबाईंच्या आकड्याला लागू दे,” बाबा म्हणाले होते, “मग जा खुशाल. दोन इकडेतिकडे चालतील. मिशीला तेवढी सूट मीही घेतो.”

ते चेष्टेत म्हणाले होते. तिने ते मनाशी गाठ मारून ठेवलं होतं.

गणिताचे सर दाढीला आले. बाबांनी त्यांच्या तोंडाला कानापासून कानापर्यंत फेस फासला आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाबांना फोनवर एका जागी उभं राहून बोलता येत नसे. ते बोलत बोलत फुटपाथवर गेले आणि कोपऱ्यावर दिसेनासे झाले.

तिने सरांकडे पाहिलं. मग यंत्राकडे.

“ते येईपर्यंत मोजू का पुन्हा?”

सरांनी हात पुढे केला.

“यंदा निकाल कसा लागला हो तुमच्या वर्गाचा?” पट्टा बांधता बांधता तिने विचारलं. सरांनी तोंडावरच्या फेसाकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले.

एकशे अठरा, शहात्तर.

तिने हवा सोडली, थोडं थांबून पुन्हा मोजलं. तेवढाच. टॉवेलच्या टोकाने तिने सरांचे ओठ पुसले.

“शाळेच्या तपासणीत एवढाच होता,” सर म्हणाले. “परवा तू एकशे चाळीस सांगितलास. तेव्हापासून घरात मला मीठ दिसलेलं नाही.”

यंत्र तेच, दंड तोच, हातही तोच. तिने साबणाचं भांडं उचललं, आत पाहिलं, खाली ठेवलं.

दुकानात आली त्या पहिल्याच आठवड्यात बाबांनी तिला शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला लांब उत्तराचा प्रश्न टाकायचा आणि मग कात्री चालवायची. बोलण्यात रंगलेला माणूस मान हलवत नाही. तेव्हापासून तिने कुणाला गप्प बसवून हात लावलाच नव्हता. रक्तदाब मोजताना तर नाहीच. आधी प्रश्न, मग कानात नळ्या. आणि समोरचा आपला मुलीची नोकरी, घरमालकाची कटकट, सगळं तावातावाने सांगत सुटलेला.

बाबा परतले, सरांची दाढी झाली, सर पुन्हा मीठ खायला मोकळे होऊन गेले. तिने आपल्या खुर्चीची पाठ थोडी मागे केली.

“बाबा, बसा इथे.”

“मी? या खुर्चीत?”

“टेका पाठ. पाय जमिनीवर.”

त्यांना काही सुचायच्या आत तिने ब्रश फिरवला. हनुवटी, गाल, वरचा ओठ, खालचा ओठ. नेहमीपेक्षा जाडच थर दिला. मग पट्टा बांधला, त्यांचा हात फळीवर टेकवला आणि शेजारी स्टुलावर बसली. तिच्याही जिभेवर एक प्रश्न आला होता. तो तिने गिळला.

दुकान इतकं शांत होतं की पाण्याचा नळ ठिबकतो हे दोघांनाही पहिल्यांदाच कळलं. बाबांनी नळाकडे पाहिलं, मग आरशात स्वतःकडे. आपलंच दुकान त्यांनी या बाजूने कधी पाहिलं नसावं.

तेवढ्यात दार ढकलून बसचालक आत आला. तो वर्षानुवर्षं तिच्याकडूनच केस कापून घेत आला होता. बाबांच्या गप्पांपेक्षा भोंगा बरा, असं तो त्यांच्या तोंडावर सांगे.

“हे काय, मालकच गिऱ्हाईक? मग मी कुठे बसू, वहिनी?”

बाबांचे ओठ उघडले. फेस जिभेला लागला तसे मिटले. त्यांनी मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मग तेच पांढरं बोट लांब करून आपल्या खुर्चीकडे दाखवलं.

बसचालकाने तिच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मुकाट्याने जाऊन बाबांच्या खुर्चीत बसला. बाबांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

ती आणखी थोडी थांबली. फेसाच्या कडा वाळून तडकू लागल्या होत्या. मग तिने नळ्या कानात घातल्या, फुगा दाबला, काटा वर नेला आणि हळूहळू हवा सोडली.

एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तर.