दाराला लावलेला वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे, मित्रांनो, आणि सध्या फार वैतागलेला आहे. दगडाला कसला आलाय वैताग, असं तुम्ही म्हणाल. बारा वर्षं स्वयंपाकघराचं मागचं दार अडवून बसून बघा, मग बोला.

एका पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवलं. मंदाबाई नवी नवरी असताना सावद्याच्या बाजारातून मी आणि माझा जोडीदार पाटा या घरी आलो. घर केळी पिकवणारं, माणसं खाणारी. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला, सगळं माझ्याखालून जायचं. त्यांच्या मुलाच्या, हितेंद्रच्या बारशाला तर मला अंघोळ घालून, टोपडं चढवून पाळण्यात ठेवलं होतं. बाळाच्या आधी मी! बायका मला पाळण्याच्या खालून-वरून फिरवत होत्या आणि मंदाबाईंचे यजमान जीवराम आबा दारातून बघून हसत होते. तेव्हा त्यांचे दंड असे होते, की केळीचा घड एका हाताने उचलायचे.

पुढे मिक्सर आला. पाटा अंगणात भिंतीला टेकला आणि माझी दारापाशी बदली झाली. येणारा-जाणारा मला पायाने ढकलतो. असो.

यंदा आबांना मुदतीच्या तापाने दोन महिने झोपवलं. ताप गेला, पण अंगात काही राहिलं नाही. एकदा वाऱ्याने दार लागत होतं म्हणून ते मला सरकवायला वाकले. दोन्ही हात लावले, पण मी जागचा हललो नाही. आबा तसेच माझ्याशेजारी खाली बसले. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगात ताकद भरणारं खाऊ घाला. आबांना दूध सोसत नाही, त्यामुळे पनीर बाद. अंडं या घरात शिजत नाही. आणि नुसत्या वरणाला आबा कंटाळलेले. मग डॉक्टर म्हणाले, टोफू द्या. हितेंद्रने भुसावळहून पाण्यात बुडवलेल्या पांढऱ्या वड्या आणल्या. सोयाबीनच्या दुधाच्या असतात त्या.

आता पुढचा गोंधळ ऐका. पहिल्या दिवशी मंदाबाईंनी एक वडी पाण्यातून काढली, कापली आणि तशीच झणझणीत रश्श्यात टाकली. अहो, तिच्या पोटात वाटीभर पाणी! मसाला आत शिरणार कुठून? रस्सा पातळ झाला, फोडी फिक्याच राहिल्या. आबांनी एक घास घेतला आणि ताट सारलं.

"सोयाबीनची ढेप ढोरायले घालता ना? मंग मले काहून चारू राह्यल्या?" ढेप म्हणजे आमच्याकडे गुरांची पेंड.

"ढेप नाही हो, औषध समजून खा," मंदाबाई म्हणाल्या.

"औषध चमचाभर असते!"

दुसऱ्या दिवशी मंदाबाईंना काय सुचलं असेल? त्यांनी टोफू बडगीत घातला! बडगी म्हणजे वांग्याचं भरीत ठेचायची आमच्याकडची लाकडी कुंडी. त्यात मिरच्या, लसूण आणि टोफू घालून त्यांनी दणादण ठेचलं. आमच्या भागात काही अडलं की त्याचं भरीत करायचं, दुसरा विचार नाही! पांढरं पाणी अंगावर उडालं, बडगीत लगदा उरला. आबा त्या दिवशी अर्धी भाकरी नुसत्या मिरचीशी खाऊन उठले. मी दारातून कपाळ बडवत होतो. दगडाचं कपाळ, आवाज कुणाला येणार?

तिसऱ्या दिवशी सूनबाई मोहिनीने मोबाइलवर बघितलं. "आई, याच्यावर वजन ठेवून आधी पाणी काढा लागते." अखेर या घरात कुणीतरी शहाण्यासारखं बोललं. मला वाटलं, आता माझी पाळी. तर या दोघी अंगणात गेल्या आणि चक्क पाटा उचलून आणला! पाटा माझा जोडीदार असला, तरी बेतात राहणं त्याला जमत नाही. त्याने एका दमात वडीची चटणी केली.

मग दुसरी वडी काढली. तिच्यावर बेसनाचा डबा ठेवला, तो घसरला. लोटा ठेवला, तो कलंडला. मी समोर बसलोय आणि यांना वजन सापडत नाही! शेवटी दुसरा डबा शोधायला मंदाबाई तरातरा निघाल्या आणि त्यांच्या पायाचा अंगठा माझ्यावर आपटला.

"अगं माय व!"

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ते खोटं नाही. मागून येणारी मोहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "आई, वरवंटा!"

मला गरम पाण्याने घासून धुतलं. आबांच्या जुन्या धोतराच्या स्वच्छ तुकड्यात टोफू गुंडाळला, त्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर मला आडवं केलं. बारशानंतर एवढ्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. अर्धा तास मी हललो नाही. थेंब थेंब पाणी निथळत होतं आणि वडी घट्ट होत होती.

पुढचं काम सोपं होतं. मोहिनीने जाडसर चौकोन कापून त्यांना मीठ, हळद, तिखट चोळलं. लोखंडी तव्यावर थोडं तेल टाकून ते दोन्ही अंगांनी लालसर होऊ दिले आणि चार फोडी शेवटी रश्श्यात सोडल्या. उरलेला टोफू हाताने चुरून कांदा-टोमॅटोवर परतला, वर कोथिंबीर. बस, एवढंच! यासाठी तीन दिवस माणूस उपाशी ठेवला.

आबांनी तव्यावरचा तुकडा बोटाने दाबला, वास घेतला, खाल्ला. मग त्यांनी ताट पुढे केलं. "अजून दोन टाक. आन् रस्सा वाढ."

मंदाबाई पदराने डोळे पुसत चुलीकडे वळल्या. मलाही भरून आलं. पण ताटं आवरल्यावर त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि परत दारात नेऊन ठेवलं! काय म्हणावं या माणसांना? पुढे रोज तेच चाललं. अर्धा तास मान आणि साडेतेवीस तास दार.

दीड महिन्याने एका सकाळी आबा मागच्या दारापाशी आले. वाकले. मला दोन्ही हातांनी धरलं. मी जमिनीवरून सुटलो, मित्रांनो! एक एक पाऊल टाकत त्यांनी मला स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत नेलं आणि हळूच ठेवलं.

"दाराले वीट लावा," आबा धापा टाकत म्हणाले. "याले आता कोणी पाय लावायचा नाही."

म्हणून सांगतो, घरातली जुनी वस्तू दारात ढकलण्याआधी तिला काय काय येतं ते जरा आठवत जा. आता मात्र मला बोलायला वेळ नाही. ताटली आली आहे, आणि आबा केळीच्या बागेतून जेवायला यायच्या आत पाणी निथळायला हवं.