कपाटामागची बर्फातली बाई

मी कपाटामागून बोलतोय, आवाज दबका आला तर समजून घ्या. मी एक काळा-पांढरा फोटो. माझ्यात एक परदेशी नटी बर्फाच्या डोंगरावरच्या हॉटेलात, गच्चीत बसली आहे. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर कुत्रं. मूळ फोटो फार जुना. मी मात्र नवी मुंबईतल्या छपाईयंत्रातून निघालेली त्याची नक्कल.

उरणच्या धनेशने मला मागवलं. तो कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. चौलला एका बंगल्यात कुणाचं तरी सामान पोचवायला गेला, तिथल्या भिंतीवर असे फोटो पाहिले आणि वेडावला. नवं घर झालं तेव्हा हॉलमध्ये आम्ही तिघे लागलो: मी, बर्फावर घसरणारा एक नट आणि रोपवेच्या पाळण्यातली एक गायिका.

वास्तुशांतीला रंगूकाकी आली. इकडे काळा-पांढरा फोटो भिंतीवर लागतो तो गेलेल्या माणसाचा. काकीने धनेशच्या आईला हळूच विचारलं, "कमळ, ही कोन गं? कवा गेली?"

धनेश हसला. "काकी, ती नटी हाय. थंड हवा खातेय."

"मंग जित्या मानसाला असं टांगतात काय रं? काढ. घराला बरं नसतं."

धनेश स्टूल आणायला निघालाही होता. धाकटा प्रणय आडवा आला. "राहू दे, दादा. आपल्या आळीत हाय का कोनाकडं असा हॉल?"

आम्ही राहिलो. धनेश फेरी करून आला की बनियनवर पंख्याखाली बसायचा आणि मला म्हणायचा, "तुझ्याकडं बघितलं की गार वाटतं." बाकी कुणी माझ्याशी बोललं नाही.

होळीच्या आधी त्याचा ट्रेलर उलटला.

तेराव्याला रंगूकाकी पुन्हा आली. नुसती आमच्याकडे बघत राहिली. प्रणयला तेवढं पुरलं. नट आणि गायिका त्याने अंगणात आपटली. मला उचललं तेव्हा आईने हात धरला. "नको, बाबू. त्यानं लावलीय ती."

"मीच बोललो व्हतो ना, राहू दे म्हनून." प्रणय म्हणाला. मग त्याने मला इथे कपाटामागे सरकवलं.

पुढे आईने धनेशचा फोटो मढवून आणला. "रंगीतच करा म्हनलं त्यांना," ती म्हणाली. "माझा पोरगा काळा-पांढरा नको."

प्रणयने फोटो हातात घेतला, खिळ्यापर्यंत नेला आणि खाली आणला. "आये, लावला की तो गेला." त्यानंतर त्याने तो फोटो माझ्याशेजारी ठेवला आणि चप्पल न घालताच बाहेर पडला.

आता आम्ही दोघे इथे काचेला काच लावून उभे. धनेश इतका जवळ आहे, पण गप्प. फटीतून हॉल दिसतो. सांज झाली की कमळ दिवा लावते आणि मोकळ्या खिळ्यापुढे हात जोडते. प्रणय मान वळवून जेवतो.

प्रणय, मला हवं तर फोड. तुझ्या दादाला मात्र बाहेर काढ. तुझ्या आईला त्याचं तोंड बघू दे.