विटकरी अळ्यांचा उजेड

गल्ली तिला अळीमावशी म्हणायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. मागच्या खोलीत ती मेणपतंगाच्या अळ्या पाळायची. कोंडा आणि मध खाऊन त्या चांगल्या गुबगुबीत झाल्या, की त्यांच्यावर सूत्रकृमी सोडायची. डोळ्यांना न दिसणारे हे जीव अळीत शिरत, तिला मारत आणि तिच्याच पोटात लाखांनी वाढत. गुलाबाची शेती करणारा ते तिच्याकडून विकत नेऊन पाण्यात मिसळून मातीत ओतायचा, की मुळं खाणाऱ्या हुमणीचा खेळ खलास. आधी लाड, मग जीव घेणं, यावरून नवरा तिला चिडवायचा. "हल्ली माझंही वजन वाढतंय हं," म्हणायचा.

लागण नीट झाली की मेलेली अळी विटकरी होते आणि गडद अंधारात मंद उजळते. रंगाचा काही भरवसा नाही, उजेड मात्र खोटं बोलत नाही, असं तिचं ठाम मत. दुपारी खिडकीवर जाड पांघरूण टांगून ती बशी घेऊन बसायची. आधी नुसता काळोख असायचा. मग तो हळूहळू विरघळायचा आणि बशीतून निळसर हिरवं काहीतरी वर तरंगत यायचं. तेवढा वेळ तिला स्वतःचं वयही आठवत नसे. कृमींचा हा एकच वंश तिने तरुणपणापासून अळीतून अळीत जिवंत ठेवला होता.

मागच्या खेपेला उजेड आलाच नाही. लागण बिघडली असं समजून तिने काळजावर दगड ठेवून त्या खेपेच्या सगळ्या बशा उकळत्या पाण्यात रिकाम्या केल्या. आता या खेपेची एकच बशी उरली होती. हीही विझलेली निघाली, तर वंश संपला.

ती कितीतरी वेळ बसली, पण काळोख काही विरघळेना. बाहेर पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं.

"अगं, आहेस ना आत?" नवरा फटीतून आत सरकला.

"दार लावा आधी!"

एरवी तिने त्याला हाकललं असतं. आज हाताला धरून शेजारी बसवलं. "विझल्या हो सगळ्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांभाळलं, आणि माझ्याच हातून गेलं."

तो तिचा हात धरून बसून राहिला. डोळे अंधाराला सरावले तसा म्हणाला, "काय सुंदर दिसतं गं हे!"

"काय?"

"तुझ्या बशीतलं."

"थट्टा नको. आज तरी नको."

"थट्टा कसली? ही कडेची जरा फिकी आहे, बाकी सगळ्या उजळल्यात." त्याने तिचं बोट धरून काचेवर एकेका अळीशी नेलं.

तिने डोळे फाडफाडून पाहिलं. बोटाखाली काळोखच होता. हल्ली संध्याकाळी उंबऱ्याला ठेच लागायची, तेव्हा ती दिव्याला नावं ठेवायची. दिव्याचा काही दोष नव्हता.

"म्हणजे मागच्या खेपेच्याही उजळत होत्या..."

नवऱ्यालाही आता उमगलं. त्याने तिला जवळ ओढलं. "गॅस बंद करून येतो," तो पुटपुटला.

"थांबा. दार उघडू नका इतक्यात." तिने बशी त्याच्या हातात दिली. "कशा दिसतात, सांगा मला. सावकाश सांगा."